आन्सर-कीमधलं ‘वर-खाली’

नेत्रा देशकरने अमरावतीच्या एका शाळेत सतरा वर्षं विज्ञान शिकवलं. नवऱ्याच्या, श्रीरामच्या, नोकरीपायी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्यावर वर्क परमिट मिळायलाच सहा वर्षं गेली. मग जवळच्या एका हायस्कूलमध्ये सब्स्टिट्यूटचं काम मिळालं. म्हणजे मूळ शिक्षिका रजेवर असेल तेव्हा जायचं, हजेरी घ्यायची, तिने ठेवलेलं वर्कशीट वाटायचं. शिकवायचं नाही.

त्या मंगळवारी फिजिक्सच्या वर्गात लाटांचा धडा होता. वर्कशीटवर प्रश्न होता: स्पीकरसमोर हवेत धुळीचा कण तरंगतो आहे, आवाज सुरू झाल्यावर तो कसा हलेल? आन्सर-कीमध्ये उत्तर होतं, ‘वर-खाली’.

नेत्राने ते दोनदा वाचलं. दोरीला झटका दिला की दोरी वर-खाली होते आणि लाट पुढे जाते, तो अवतरंग. आवाज म्हणजे अनुतरंग. त्यात लाट ज्या दिशेला जाते त्याच दिशेत हवेचे कण पुढे-मागे हलतात. अमरावतीच्या तिच्या नववीच्या वर्गाने हे झोपेतही सांगितलं असतं.

तिने वर्गातूनच शाळेच्या ऑफिसला फोन करून आन्सर-कीतली चूक सांगितली. “प्लीज, दिलेला प्लॅनच फॉलो करा,” पलीकडून उत्तर आलं.

फोनवरचं बोलणं ऐकून पहिल्या बाकावरच्या अनन्याने, वर्गातल्या मराठी मुलीने, हात वर केला. “बट मिस, साउंडचं पिक्चर तर वेव्ही असतं!”

“ते हवेचं चित्र नाही गं. कुठे दाब जास्त, कुठे कमी, त्याचा ग्राफ आहे तो.”

अनन्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मात्र नेत्राला राहवेना. तिने दहा मुलांना एका रांगेत उभं केलं, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याला हलकेच ढकललं. धक्का सरकत सरकत पहिल्यापर्यंत पोचला, आणि सगळे परत आपापल्या जागी.

“धक्का पुढे गेला. तुमच्यापैकी कोण पुढे गेलं?”

“नोबडी!”

वर्गातल्या सगळ्या सत्तावीस मुलांनी वर्कशीटवर ‘पुढे-मागे’ लिहिलं.

गुरुवारी व्हाइस प्रिन्सिपलचा फोन आला. मुलांना एकमेकांना ढकलायला लावल्याची एका पालकाने तक्रार केली होती. शिवाय रजेवरून परतलेल्या शिक्षिकेने आन्सर-की बघून सगळ्यांचं उत्तर चूक ठरवलं होतं. नेत्राने आकृत्या काढून लांबलचक ईमेल लिहिली. उत्तर एका ओळीचं आलं: थँक यू फॉर युअर पॅशन.

“सोड ना यार,” श्रीराम म्हणाला. “ते तुझं काम नाहीये.”

“मग कोणाचं आहे? चुकीचं शिकतायत ती मुलं!” हातातला डाव तिने सिंकमध्ये आदळला.

त्या शाळेने तिला पुन्हा बोलावलं नाही. महिन्याभराने इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना अनन्या भेटली.

“मिस... सॉरी, मावशी! आय आस्क्ड, अँड दे गेव्ह मी द पॉइंट बॅक.”

“आणि बाकीच्यांचे?”

“दे डिडन्ट आस्क,” अनन्याने खांदे उडवले.

नेत्राला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. घरी येऊन, पिशव्या तशाच ठेवून, तिने उरलेल्या सव्वीस मुलांसाठी दुसरी ईमेल लिहिली. तिला उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी सकाळी ती तीच ईमेल पुन्हा पाठवते.