मध्ययुगीन चर्च आणि मी सोडून दिलेला वारा

कोबेतलं ते चर्च मध्ययुगीन नाही. ही माहिती तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी दिली आणि माझ्या नऊ वर्षांच्या ईराने तिला दुजोरा दिला. सहल तरीही चांगली झाली, म्हणून लिहिते.

माझे सासरे, बाबा, पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. सध्या महिनाभरासाठी आमच्याकडे टोकियोत, फुनाबोरीला आलेत. ‘जपानमधलं मध्ययुगीन चर्च’ हे व्याख्यान त्यांनी पुण्याच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाहीर करून टाकलं होतं, येत्या शनिवारी, ऑनलाइन. कारण मी. चर्चच्या एका जपानी पत्रकावर मला ‘मध्ययुग’, ‘वारा’ आणि ‘चर्च’ ही अक्षरं ओळखता आली. चर्च टेकडीवर, तिथे वारा असायचाच, म्हणून तो सोडून दिला.

“मिशनरी इतक्या आधी आलेच नव्हते गं,” बाबा म्हणाले होते. पण पत्रक छापील होतं, आणि आपल्या हातून नवा शोध लागतोय म्हटल्यावर त्यांना झोप लागेना.

टोकियोहून शिनकान्सेन बुलेट ट्रेनने पावणेतीन तास लागतात. तिकीट स्वस्त नाही. फुजी बघायचा तर जाताना उजवीकडची दोन आसनांची बाजू घ्या. आम्ही घेतली, ढगांनीही तीच घेतली होती. शाकाहारी माणसाला आंबट प्लमचा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, चालतो. बाबांनी त्यावर मेतकूट पसरलं. शिन-कोबेला उतरल्यावर चढउताराचा रस्ता आहे, बूट घाला. आणि शनिवार-रविवार टाळा. का, ते पुढे कळेल.

टोकदार कमानी, रंगीत काचा, करडा दगड. बाबांनी भिंतीवर हात फिरवला, मग टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

“ओल धरू नये म्हणून केलं असेल,” ते म्हणाले. “ईरा, त्या बाईंना विचार, कोबेच्या १९९५च्या भूकंपात किती पडझड झाली?”

ईराने विचारलं. रिसेप्शनवरच्या बाई दोनदा वाकून काहीतरी म्हणाल्या.

“तेव्हा इथे पार्किंग होतं म्हणे. हा लग्नाचा हॉल आहे, आजोबा. शनिवार-रविवारी इथे लग्नं लागतात.” मग पत्रक बघून, “आई, हा वारा नाहीये. शब्दाच्या शेवटी आला की ‘सारखं’. मध्ययुगीन-सारखं चर्च. आम्हाला दुसरीत होतं.”

बाबा बाकावर बसले. पत्रक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“अनघा,” ते शेवटी म्हणाले, “वाऱ्याने चर्चच उडवलं की गं.”

परतीच्या गाडीत मी विचारलं, “बाबा, तब्येत बरी नाही असं कट्ट्यावर कळवू का?”

“आयुष्यभर पोरांना सांगितलं, चुकलं तर उभं राहून सांगा. आता मी आजारी पडू?”

घरी आल्यापासून ते टिपणं काढतायत. ते पत्रक फ्रिजवर लावलंय, आणि मी आता डाळीच्या पाकिटावरचं लेबलसुद्धा ईराकडून तपासून घेते. व्याख्यान ठरल्याप्रमाणे शनिवारी होईल. शीर्षकात ‘सारखं’ वाढलंय, आणि वाऱ्याचं अक्षर ईरा मोठं काढून दाखवणार आहे. प्रश्नोत्तरांत ‘पत्रक वाचलं कुणी?’ असं कोणीतरी विचारणारच. बाबांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या शेजारी माझी खुर्ची आत्तापासून मांडून ठेवलीय.