भाऊंच्या कपाळावर माझे अंगठे

माझ्या हातून आजवर बऱ्याच गिऱ्हाइकांचे कान थोडेथोडे कापले गेले आहेत. कुणी मनावर घेतलं नाही. पण एका माणसाचं ठरत आलेलं लग्न माझ्या दोन अंगठ्यांमुळे मोडायला आलं होतं, हे अजून गावात कुणाला माहीत नाही.

मी मंगळवेढ्याकडचा. सातवीत शाळा सुटली, हातात वस्तरा आला, आणि या सलूनमधून त्या सलूनमध्ये करत चंद्रपूरला पोचलो, तिथून मूलला. इथलं बोलणं तेव्हा मला निम्मंच कळायचं. राइस मिलच्या रस्त्यावर एका घराची पुढची खोली रिकामी होती. मालक वनखात्यातून रिटायर झालेले. आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, मोजण्यात सगळी नोकरी सरलेली. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांनी ना माझं गाव विचारलं, ना जात. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "थरथरते बे तुहा हात."

"भीतीनं थरथरतो. वस्तरा धरला की थांबतो."

ते ओट्यावर बसले, माझ्याकडून दाढी करून घेतली आणि उठताना खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझं दुकान असं सुरू झालं. त्या दिवसापासून भाऊंचं काही बिघडलं की मला वाटतं, मीच बिघडवलं असणार.

भाऊंच्या कपाळावर तीन आडव्या रेघा होत्या. साध्या नाहीत, चांगल्या खोल. साबणाचा फेस त्यांत जाऊन बसायचा आणि मला टॉवेलचं टोक पिळून तो काढावा लागायचा. उन्हात डोळे बारीक करून मोजणी केल्याच्या त्या रेघा. भाऊ त्यांना धुरे म्हणायचे, म्हणजे आमच्याकडचे बांध. "या धुऱ्यायच्या मधात धान लावता येते," असं स्वतःच म्हणायचे, आणि हसले की रेघा आणखी आत जायच्या. हसतानाही माणूस रागावलेलाच दिसायचा.

भाऊंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. मधल्या एका माणसाने स्थळ आणलं: मुलचेऱ्याकडच्या एक बाई, बंगाली घरातल्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि नुकत्याच रिटायर झालेल्या. त्याही एकट्याच. दोघं एकदा भेटली, तासभर चहा झाला. दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि आरशातल्या माझ्याशी बोलले.

"काय सांगतलन तिनं मधल्या माणसाले, माहीत हाय? माणूस बरा हाय, पण एवढा रागात काऊन राह्यते."

"तुम्ही रागात होता?"

"नवरदेव घोड्यावर खूश नसते, एवढा खूश होतो बे मी."

आम्ही दोघंही आरशात त्या तीन रेघांकडे बघत राहिलो. बाई तीन-चार आठवड्यांनी घर बघायला मूलला येणार होत्या. तेवढ्यात हे कपाळ सुधारलं तर पुढची बोलणी. नाहीतर त्या पुन्हा यायच्या नाहीत, असं भाऊंनी मनाशी धरलं होतं. आणि भाऊंना ती बाई फार आवडली होती. चहात साखर कमी आहे हे तिने सांगितलं कसं, तेवढंच त्यांनी मला चार वेळा ऐकवलं.

आधी मी माझे उपाय केले. वाफ दिली, बर्फ फिरवला, मुलतानी माती लावली, मग हळद आणि सायीचं उटणं. तिसऱ्या दिवशी मिलमधल्या हमालांनी भाऊंना रस्त्यात गाठलं.

"काय भाऊ, हळद लागली का?"

"उन्हाचं पिवळं झालो," भाऊ म्हणाले आणि सरळ माझ्या दुकानात शिरून दार लावून घेतलं. उटणं बंद.

मग मोबाइलवर चंद्रपूरच्या एका स्किन क्लिनिकची जाहिरात दिसली. भाऊ म्हणाले, "चाल, तू बी. मले एकट्याले लाज वाटते." घरी सांगितलं की दात दाखवायला चाललो, घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं.

डॉक्टरीण अगदी तरुण. तिने भाऊंना भुवया वर करायला लावल्या, आठ्या घालायला लावल्या, मग म्हणाली, आता चेहरा सैल सोडा. सैल सोडल्यावरही रेघा तिथेच. ती म्हणाली, फक्त हालचालीत दिसतात त्या रेघा वेगळ्या आणि अशा मुक्कामाला आलेल्या वेगळ्या. मग तिने एकेक उपाय समजावला. इंजेक्शनने कपाळाचा स्नायू तीन-चार महिने ढिला पडतो. रेघा कमी होतात, पण खोल असतील तर पूर्ण जात नाहीत. फिलर म्हणजे रेघेत जेल भरायचं. पण कपाळात रक्तवाहिन्या नाजूक असतात, म्हणून तिथे ती सहसा भरत नाही. लेझर किंवा बारीक सुयांनी कातडी नवी होऊ लागते, मात्र बैठका अनेक आणि वेळ जास्त. पील म्हणजे औषधाने वरची कातडी सोलायची, त्याने वरवर उजळतं, खोल रेघेला फारसा फरक नाही. ऑपरेशनही असतं, त्यासाठी नागपूर. आणि काहीही केलं तरी उन्हात क्रीम आणि टोपी.

भाऊंनी सगळं नीट ऐकलं. "म्हणजे इंजेक्शननं नांगर थांबते, आन् त्या जेलनं तास बुजते."

तास म्हणजे नांगराने पडलेली चर, हे डॉक्टरणीला बरोबर कळलं. "हो. अगदी तसंच."

"मग नांगरच थांबवा. बुजवाबुजवी नोको."

इंजेक्शनला चार दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी माझ्या दुकानात एका लग्नाच्या वऱ्हाडाची कटिंग होती, म्हणून भाऊ एकटे गेले. दुपारी एसटीने परत आले ते थेट माझ्या खुर्चीत. कपाळावर डास चावल्यासारखे ठिपके. वऱ्हाड नुकतंच गेलं होतं, मी घामाने निथळत होतो आणि भाऊंनी एवढं धाडस केलं म्हणून माझं मन भरून आलं होतं. "दाढी कर," म्हणाले आणि सवयीने डोळे मिटले. दोन मिनिटांत घोरायला लागले.

आता माझ्या हातांची एक पद्धत आहे. दाढी झाली, तुरटी फिरवली, की हात आपोआप डोक्यावर जातात. चंपी. आणि त्या दिवशी तर चंपी नाही, मी पूजा केली. केसांतून उतरून कपाळावर आलो, दोन्ही अंगठे मधोमध ठेवून कानशिलांपर्यंत ओढले, भुवयांच्या हाडांवर दाबले, गोल फिरवले, पुन्हा ओढले. दहा मिनिटं तरी. भाऊंना आजपर्यंत कुणी इतकं चोळलं नसेल.

ते जागे झाले, खिशातून घडी केलेला कागद काढला. "कागद देलन तिनं. वाच, माहा चष्मा पिशवीत खाली गेला."

मी वाचायला सावकाश आहे, पण अक्षर छापील होतं. "एक. चार तास आडवे होऊ नये. दोन. चार तास कपाळ चोळू…"

तिथून पुढचं मी मनातच वाचलं. खाली लिहिलं होतं: चोळू अथवा दाबू नये, औषध सरकल्यास पापणी खाली येण्याची शक्यता.

"पुढं?"

"पुढं डॉक्टरांची सही."

खोटं बोललो. मला सरळ सांगता आलं असतं, पण किल्ली देणाऱ्या माणसाला, तुमचा डोळा मी बहुतेक बंद करून टाकला, हे सांगायला तोंड कुठून आणायचं? मी कागद घडी करून वस्तऱ्याच्या डबीखाली ठेवला आणि दिवस मोजू लागलो.

पहिले तीन दिवस काहीच नाही. मी काहीतरी निमित्त काढून सारखा मागच्या दारी जायचो. भाऊ, दूध आलं का? भाऊ, पाणी आलं का? भाऊ, लाइट आहे का? आणि पापण्या बघून परत. चौथ्या दिवशी रेघा उथळ झाल्या. सहाव्या दिवशी कपाळ खरोखर सैल पडलं. भाऊ आरशासमोर राग आणून बघायचे आणि येत नाही म्हणून खूश व्हायचे. वरची रेघ तर जवळजवळ गेलीच. पापण्या दोन्ही जागेवर. मी हनुमानाला नारळ फोडला.

नवव्या दिवशी डाव्या भुवईचं बाहेरचं टोक वर गेलं.

पापणी खाली येईल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, आणि इकडे भुवई वर. भाऊंचा चेहरा असा दिसू लागला की, ह्यांना तुमच्याबद्दल काहीतरी कळलंय आणि ते सांगणार नाहीत. मिलचे हमाल त्यांना बघून विड्या लपवायला लागले. भाऊंनी क्लिनिकला फोन केला. तिथून सांगितलं, होतं असं कधी कधी, पंधराव्या दिवशी तपासायला या, थोडं औषध टाकून खाली आणू. आणि बाई चौदाव्या दिवशी येणार होत्या.

त्या आल्या, सांगितलेल्या वेळेच्या आधीच्या बसने. भाऊ अजून माझ्या खुर्चीत, अंगावर चादर, दाढी नुकतीच झालेली. बाई दारात उभ्या राहिल्या, हातात मिठाईचा डबा. भाऊ हसले. ओठ हसले, एक भुवई वर गेली, कपाळ जागचं हललं नाही.

बाईंनी डबा माझ्या हातात दिला आणि चप्पल न काढता सरळ खुर्चीपाशी गेल्या.

"भुवया वर करा."

भाऊंनी केल्या. म्हणजे, एक टोक वर गेलं.

"दात दाखवा. डोळे घट्ट मिटा. आता दोन्ही हात वर, आणि तसेच धरा."

भाऊंनी चादरीतून दोन्ही हात वर काढले. लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि शब्द फुटेना म्हणून बाईंचा संशय आणखी वाढला.

"शीळ वाजवा बघू."

भाऊंनी शीळ वाजवली. घर बघायला आलेल्या बाईसमोर, हात वर करून, गळ्यात चादर बांधलेले माझे भाऊ शीळ वाजवत होते.

बाई माझ्याकडे वळल्या. "कधीपासून असं आहे? ही लकव्याची सुरुवात असू शकते. बीपी कधी तपासलं होतं? गाडीला फोन लाव, आपण आत्ता दवाखान्यात जाऊ." त्यांनी पिशवीतून मोबाइल काढलासुद्धा.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. कुणाला सांगू नोको, असं त्यांनी मला शपथ घालून बजावलं होतं. पण आता गाडी आली असती, सगळा रस्ता गोळा झाला असता.

"लकवा नाही," मी म्हणालो. "सुरकुत्यांचं इंजेक्शन आहे. तुमच्यासाठी घेतलं. तुम्ही म्हणाला होतात, हे रागात असतात म्हणून. आणि ते बरोबर बसलं होतं, पण मी वरून चोळलं. दहा मिनिटं. दोन्ही अंगठ्यांनी. कागदावर लिहिलं होतं चोळू नये, ते मी वाचलं आणि भाऊंना सांगितलं नाही. माझीच चूक आहे, यांची काही नाही, हे फार चांगले आहेत, यांनी मला किल्ली दिली."

आणि वस्तऱ्याची डबी उचलून तो कागद मी बाईंच्या हातात दिला.

भाऊंचे हात अजून वरच होते. "तूनं चोळलं?" ते म्हणाले. "मले वाटलं सपन पडून राह्यलं."

बाईंनी कागद वाचला. मग भाऊंच्या कपाळाजवळ वाकल्या, टोचल्याच्या खुणा शोधल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या बाकड्यावर बसल्या आणि पदर तोंडावर धरून इतक्या हसल्या की मी पाण्याचा तांब्या आणायला धावलो. पाणी पितानाही हसू येत होतं, ते साडीवर सांडलं.

"हात खाली घ्या आता," त्या भाऊंना म्हणाल्या. "किती दिवस राहतं हे?"

"तीन-चार महिने," भाऊ म्हणाले.

"तोवर रागावता येणार नाही?"

"राग येईन. दिसणार नाई."

बाईंनी डोळे पुसले. "मग जे विचारायचं ते आत्ताच विचारून घेते. मुलाला सांगितलंय का माझ्याबद्दल?"

भाऊंचं कपाळ छान गुळगुळीत होतं, पण दोन्ही कान लाल झाले. कान मी रोज बघतो. मला कळलं आणि बाईंनाही कळलं.

"नाई सांगतलं."

"काऊन?" बाईंनी 'का'ऐवजी इथलाच शब्द वापरला.

"तो काय म्हणीन, याचं भेव वाटते."

भाऊंनी चादरीखालून मोबाइल काढला आणि तिथेच, माझ्या खुर्चीत बसून, पुण्याला फोन लावला. स्पीकरवर टाकायचा नव्हता, पण त्यांचं बोट भलतीकडे लागलं. सगळं आम्हीही ऐकलं. भाऊंनी कसंबसं सांगितलं: मुलचेऱ्याच्या बाई आहेत, नर्स होत्या, घर बघायला आल्या आहेत. पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा, फोटो पाठवा दोघांचा."

भाऊ खुर्चीत, बाई शेजारी उभ्या. फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. हात इतका थरथरत होता की पहिले दोन हलले. तिसरा बरा आला. पाठवला. तिघंही त्या मोबाइलवर वाकून राहिलो, उत्तर येईपर्यंत कुणी मागे सरकलं नाही.

उत्तर आलं: "बाबा, बाईंनी असं काय सांगितलं तुम्हाला? तुमचा हसतानाचा फोटो पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

भाऊंनी ते दोनदा वाचलं आणि मोबाइल बाईंच्या हातात दिला. "तूच लिही त्याले काय ते," म्हणाले. बाई बाकड्यावर बसून एका बोटाने टाइप करू लागल्या. मी मिठाईचा डबा उघडला.