बघणाऱ्यासमोर न सुटणारा हब

गॅरेजात दोन गोष्टी साचतात. जळकं ऑईल आणि किस्से. ऑईल न्यायला तरी कोणी येतं, किस्से मात्र आपणच लोकांच्या गळ्यात मारावे लागतात! टेंभुर्णीत रफिकभाईंच्या गॅरेजला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे माझ्याकडं साठा मोठा.

त्या दिवशी तर गिऱ्हाईक हलूच शकत नव्हतं. साळवे गुरुजी. गावात अंधश्रद्धेवर भाषण असलं की तेच देणार. जालन्याच्या दवाखान्यातून बाळंतीण लेक आणि तान्ही नात घरी आणायची, आणि कारच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. चाक ज्या लोखंडी हबवर बसतं, तो काढल्याशिवाय बेअरिंग निघत नाही. आणि हब गंजून असा जाम, की घणालाही जुमानेना. लेकीचा फोनवर फोन, "पप्पा, निघाले का?"

रफिकभाईंनी हबला पुलर लावला, म्हणजे ओढून धरणारा शिकंजा. तो करकचून आवळला आणि म्हणाले, "गुरुजी, आता पाठ फिरवा. ह्यो बघणाऱ्यासमोर सुटत न्हाई."

"बिलकुल नाही!" गुरुजी खुर्ची ओढून हबसमोर बसले. "मी बघणार."

मंग काय, मी सुरू झालो.

* * *

ही रीत पडली सुदामपासून. सुदाम म्हणजे जाफराबादला काळी-पिवळी जीप चालवणारा. त्याच्या जीपचा हब आम्ही सकाळपासून ठोकून राह्यलो होतो. पुलरचा दांडा वाकला, हब जागचा हलेना. शेवटी रफिकभाई वैतागले, "छोडो! चहा पिऊ."

आम्ही पाठ फिरवली आणि धाड!

सुदाम म्हणाला, "लाजाळू दिसून राह्यलं!"

रफिकभाई हसले नाहीत. हब गाडीखाली नव्हता. पलीकडच्या भिंतीपाशी होता. कुणी नेऊन ठेवावा तसा, नीट उभा.

"ताण होता, म्हणून उडाला," गुरुजी म्हणाले. "पुढं?"

* * *

खराब बेअरिंग गाडी पळायला लागली की घुमतं, हे कोणीही सांगेल. सुदामचं ते जुनं बेअरिंग मी काउंटरवर ठेवलं, कागद उडू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी बोल्ट घ्यायला आलेली एक बाई म्हणते, "भाऊ, आतमधी कोण गुणगुणू राह्यलं?"

दुकानात मी एकटा. लाइट गेलेली, पंखा बंद. बेअरिंगवर हात ठेवला, गप्प. हात उचलला, सुरू!

मी ते मागच्या पडक्या विहिरीत फेकलं. त्या विहिरीत आता पारवेसुद्धा उतरत नाहीत.

"थापा!" गुरुजी म्हणाले. खुर्ची मात्र जराशी मागं सरकली.

* * *

बेअरिंग तपासायला रफिकभाई लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक हबला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आतली खरखर ऐकू येते. एकदा सुदामनं हौसेनं कान लावला आणि पांढराफटक पडला.

"काय ऐकलं रे?"

"काहीच न्हाई."

"मंग घाबरला कामून?"

"आरं, इंजिन चालू हाये ना!"

* * *

एकदा एक कार जॅकवर, पुढची दोन्ही चाकं अधांतरी. इंजिन बंद. आणि माझ्या बाजूचं चाक आपोआप फिरायला लागलं. हळूहळू, उलटं! मी बोंब ठोकली.

रफिकभाई पाना पुसत म्हणाले, "घाबरायचं न्हाई. गाडी गिअरमधी हाये. एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. बराबर हाये."

"ते ठीक. पण पलीकडचं कोण फिरवून राह्यलं?"

रफिकभाई वाकले, गाडीखालून पलीकडं बघितलं, टोपी घातली आणि नमाजला निघून गेले. वेळ झाली नव्हती!

* * *

दुपार झाली. हब तिथंच. पुन्हा फोन, "पप्पा, इथं बेड खाली करायला लावून राह्यले. बाळाला घेऊन बाहेर बाकड्यावर बसलेय मी."

गुरुजी उठले. "ठीक आहे. मी पाठ फिरवतो. पण माझा मोबाईल बघत राहील!"

आम्ही तिघं दारात उभे राहिलो, तोंडं रस्त्याकडं. गुरुजींनी व्हिडिओ चालू करून मोबाईल आमच्या पायाशी एका जुन्या बॅटरीला टेकवला, तोंड कारकडं करून.

धाड!

वळून बघितलं तर हब सुटलेला. मोबाईल ठेवला तिथंच, कारकडं तोंड करून. रफिकभाई कोणाकडं न बघता नवीन बेअरिंग बसवायला लागले. गुरुजींनी मोठ्या ऐटीत व्हिडिओ लावला, मी खांद्यावरून डोकावलो.

व्हिडिओत हब नव्हता. कारही नव्हती. गॅरेजच्या दारात तीन पाठमोरी माणसं होती. मधे गुरुजी, अलीकडं मी, पलीकडं रफिकभाई. आमच्या पायाशी बॅटरी आणि तिला टेकवलेला तोच मोबाईल. सगळं चित्र खालून घेतलेलं, हबच्या उंचीवरून. आणि ते सावकाश आमच्या जवळ येत होतं.

मग धाड झालं, तिघं दचकून वळले, व्हिडिओ संपला.

चाक चढलं. गाडी तयार. फोन आलाच. "निघालो बाळा," गुरुजी म्हणाले. आवाज नेहमीसारखा. गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि काच खाली घेतली.

"रफिकभाई, एक काम करा."

"बोला गुरुजी."

"मागचं दाखवणारा हा आतला आरसा तेवढा काढून घ्या. जल्दी."