लाल कोपऱ्यांची गोधडी

फिलू गेल्याचं मला केळीवालीने सांगितलं. निर्मळहून स्कूटरवर भाजी आणि केळी घेऊन ती आठवड्यातून दोनदा आमच्या इमारतीच्या फाटकाशी येते. मी वेलची केळी निवडत होते आणि सवयीने कुरकुरत होते की मागची फणी दोन दिवसांत काळी पडली. तिने ते कानाआड केलं. म्हणाली, "टीचर, तुम्ही पापडीला मातीला नाय दिसलात ते?" मी विचारलं, कोणाच्या मातीला? "फिलूबायच्या. रविवारी झाली की. तुम्हाला कोनी सांगितलं नाय?" मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण अकरा महिने आमचं बोलणं बंद होतं आणि ते बंद मी केलं होतं. मी केळी घेऊन वर आले, फणी टेबलावर ठेवली, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी पायातली चप्पलही न काढता स्वयंपाकघरात उभी आहे.

त्याला आता सात आठवडे झाले. मैत्रिणीवर लिहा, असं मला कोणी सुचवलेलं नाही. पुरवणीतली ही जागा मी स्वतः मागून घेतली, कारण मला जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. यांच्या मुंबईतल्या नोकरीमुळे वसईत फ्लॅट घेतला आणि मी इथल्या शाळेत गणित शिकवू लागले. फिलूची, म्हणजे फिलोमिनाची, मुलगी सिल्व्हिया माझ्या वर्गात होती. पोरीचं गणित कच्चं, पण दप्तर असं की वर्ग सुटल्यावर मी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. कातरणाचे लहान लहान तुकडे जोडून केलेलं, एक टाका इकडचा तिकडे नाही. मी तक्रार सांगायला आईला बोलावलं आणि तक्रार बाजूला ठेवून दप्तराचीच चौकशी केली. फिलू म्हणाली, "गनित मला पन नाय यायचं टीचर, पन तुकडे मोजून घेते मी." त्या दिवसापासून मी तिच्या घरची झाले. माझ्यासारख्या नाकावर राग असलेल्या बाईला फार मैत्रिणी नसतात. मला ती एकच होती.

पापडीला त्यांच्या घरामागे केळीची वाडी आणि पुढे लांब पडवी. पडवीत रंगाप्रमाणे निवडलेल्या कातरणाच्या गोणी भिंतीला लावून ठेवलेल्या असत. वसईतले शिंपी तिच्यासाठी चिंध्या बाजूला काढून ठेवायचे, गाऊन शिवणाऱ्या एका कारखान्यातूनही पोतं यायचं. ती जमिनीवर जुनी लुगडी अंथरायची, त्यावर आणखी जुनी, हातांनी सुरकुत्या काढत काढत, आणि मग वरून तुकडे लावत कडेने आत यायची. मधून सुरुवात करणाऱ्यांचं तिला हसू यायचं. तिचं माहेर मिठागरांच्या गावातलं. तिथे तिच्या आईने शिकवलेले काही नियम होते, ते ती देवाच्या आज्ञेसारखे पाळायची. चारही कोपऱ्यांना लाल कापडाची त्रिकोणी घडी शिवल्याशिवाय गोधडी घराबाहेर जायची नाही. त्या घडीला ती फूल म्हणायची. "उघड्या कोपऱ्याची गोधडी कोनाला द्यायची नाय, टीचर. ऊब सांडते."

'सेट'ची कल्पना माझी. नुसती गोधडी कोण घेणार, फ्लॅटमधल्या बायकांना सगळं एकमेकांना शोभणारं लागतं, असं मी तिला पटवलं. मग गोधडीबरोबर त्याच कापडाचे उशांचे अभ्रे, टेबलावरची पट्टी, गरम भांडं धरायचा जाड चौकोनी पॅड, आणि एकदा मी फ्रीजच्या दांड्याचं कव्हरही करायला लावलं. तिने ते केलं, हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "फ्रीजला पन थंडी वाजते काय?" पुढे आठवडाभर ती मला त्यावरून छळत होती. पण सेट खपले. सणासुदीला आम्ही दोघी मिळून विक्रीला बसायचो. ती गप्प बसून टाके घालायची आणि माझा तोंडाचा पट्टा चालू.

अडीच वर्षांपूर्वी आमचे हे गेले… हृदयाचा झटका, सकाळी अंघोळीला निघालेले. मुलगा बंगळूरहून आला, दिवस करून गेला. कपाटात यांचे शर्ट राहिले. त्यांतला निळ्या रेघांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट त्यांनी इतका वापरला होता की कॉलर आतून पिवळी पडून विरली होती. मी वर्षभर ते कपाट उघडून नुसती उभी राहायचे. मग एक दिवस सात शर्ट पिशवीत भरून फिलूकडे नेले. म्हटलं, यांची गोधडी कर. निळ्या रेघांचा मधोमध लाव, डोळे उघडले की दिसला पाहिजे. फिलूने पिशवी मांडीवर घेतली, त्या कॉलरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बघते." तिच्या 'बघते'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं.

गोधडीला फार वेळ लागला. ती एक महिना म्हणाली होती, चार झाले. मी फोन करून टोमणे मारत राहिले. त्याच सुमारास एका प्रदर्शनात तिच्या हातची दोन कुशन कव्हरं मला दिसली आणि त्यांच्या मधोमध होत्या निळ्या रेघा. तशा रेघांचे शर्ट वसईत निम्म्या पुरुषांच्या अंगावर दिसतात, पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही. मी काही बोलले नाही, मनात मात्र ठेवलं. मग एका सकाळी तिने रिक्षावाल्याच्या हाती गोधडीच्या सेटची पिशवी पाठवली, स्वतः आली नाही. दूध उतू जात होतं म्हणून पिशवीत सगळ्यात वर असलेला पॅड उचलून मी पातेलं उतरवलं आणि त्याला लगेच डाग पडला. मग गोधडी पलंगावर पसरली. पिवळे, डाळिंबी, हिरवे तुकडे, चार कोपऱ्यांना लाल फुलं. यांच्या सात शर्टांमधला एक धागाही नाही. मी उलटी केली, पाठीला एक जुनं तपकिरी लुगडं.

मी डोक्यात राख घालून घेतली. फोन लावला आणि ती "हॅलो" म्हणायच्या आत सुरू झाले. मेलेल्या माणसाच्या कपड्यांचा धंदा केलास, असं म्हणाले. आणखीही बोलले, ते इथे लिहवत नाही. ती फक्त "टीचर, ऐका…" एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही. तिचे पुढचे फोन उचलले नाहीत. आठ-दहा दिवसांनी ती आमच्या इमारतीखाली आली. मी गॅलरीतून पाहिलं. वॉचमनने वर फोन करून विचारलं, तेव्हा मी घरात नाही म्हणून सांग, असं त्याला सांगितलं. तो तिला काय म्हणाला माहीत नाही, पण ती त्याच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात पोटाशी धरून, बराच वेळ. मला वाटलं, नाटक करते आहे. मग रिक्षा करून गेली. ते माझं तिला शेवटचं पाहणं.

पावसाळ्यानंतर बोहारीण आली. माळ्यावर टाकलेली ती गोधडी मी काढली, अभ्रे काढले, पॅडही पुढे केला. बोहारणीने पॅड परत दिला, डागाळलेला आहे म्हणून. बाकी सगळं घेऊन तिने मला एक स्टीलचं पातेलं दिलं. मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं, की तेव्हा मला खरोखर बरं वाटलं होतं.

फिलूच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले. वरातीमागून घोडं. मागच्या बाकावर बसले. मिस्सा झाल्यावर सिल्व्हियाने मला पाहिलं आणि ती सरळ माझ्याकडे आली. मी तयारीत होते की ती तोंड फिरवेल. तिने माझे हात धरले. म्हणाली, "आंटी, मम्मीची शेवटची गोधडी तुमचीच. त्यानंतर तिने सुई धरली नाही." पोटाचा आजार तेव्हाच निघाला होता. बसवत नव्हतं म्हणून ती पालथी पडून टाके घालायची, म्हणून चार महिने. मी विचारलं, मग ते शर्ट… सिल्व्हिया म्हणाली, "तुम्हाला अजून माहीत नाही? ते आत आहेत ना. सातही. आजीचा नियम होता, गेलेल्या माणसाचं कापड वर लावायचं नाही. रोज डोळ्यांसमोर राहिलं तर ते जात नाही आणि आपणही उठत नाही. आत घालायचं, अंगाला लागलं पाहिजे. मम्मी तुम्हाला सांगायला आली होती, तुम्ही घरी नव्हता."

मग तू का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. मला तेव्हाही कोणावर तरी ढकलायचं होतं. सिल्व्हिया म्हणाली, "मी म्हटलं होतं, मी जाऊन सांगते. मम्मी नको म्हणाली. म्हणाली, टीचर आता रागात आहेत, थंडीत अंगावर घेतील. वापरून वापरून कधीतरी उसवेल, तेव्हा दिसेल त्यांना. तोपर्यंत ऊब तर लागेल." मग तिने विचारलं, "वापरता ना, आंटी?" मी म्हटलं, हो, रोज. चर्चच्या दारात, फिलूच्या लेकीच्या हातात हात असताना मी म्हटलं, रोज.

दुसऱ्या दिवसापासून मी बोहारीण शोधायला लागले. भाजीबाजारात विचारलं, नालासोपाऱ्यात जुने कपडे घेऊन बसतात तिथे दोनदा जाऊन आले. शेवटी ती भेटली. तिला पातेलं आठवत होतं, गोधडी आठवायला वेळ लागला. "गोधडी राहते व्हय बाई आमच्याकडं? त्याच आठवड्यात गेली. विरारला बिल्डिंगच्या कामावरल्या एका बाईनं नेली, तिच्या कडेवर लेकरू होतं." कुठली बिल्डिंग, ते तिला सांगता येईना. विरारला किती इमारती उभ्या राहतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी तीन ठिकाणी गेले. एका ठिकाणी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या काढून टाकल्या होत्या आणि इमारतीत लोक राहायलाही आले होते. मजूर कुठे गेले, ते कोणाला माहीत नव्हतं. कुठल्याही वाळत घातलेल्या कापडाकडे मी थांबून बघते. माझी जाऊ म्हणते, जाऊ दे, एखाद्या लेकराला ऊब मिळत असेल, पुण्य आहे. मला ते पुण्य नको आहे. मला माझी गोधडी हवी आहे. पिवळी, डाळिंबी, हिरवी, पाठीला तपकिरी लुगडं आणि चार कोपऱ्यांना लाल फुलं. कोणाला दिसली तर उसवू नका. तशीच राहू द्या आणि या पुरवणीला कळवा. बदल्यात दोन नव्या देईन, रजई देईन, काय म्हणाल ते देईन.

सिल्व्हिया, तू हे वाचशील. गोधडी माझ्याकडे नाही. मी ती एका पातेल्यावर दिली.

मागच्या आठवड्यात त्याच पातेल्यात दूध तापवत होते. उतरवताना पॅडमधूनही बोटांना चटका बसला. भांडणाच्या दिवसापासून पॅडशी मी कधी बरी वागले नव्हते. ज्योतीला लागला तरी हलवत नसे, त्याने ओटाही पुसला. त्याच्या मधोमध पिवळं कापड जळून रुपयाएवढं भोक पडलं होतं. चष्मा लावून खिडकीपाशी नेलं. भोकातून निळ्या रेघा दिसत होत्या. बोटाने जरा बाजू सरकवली, तर कॉलरची शिवण लागली, आतून पिवळी पडलेली. म्हणजे फिलूने कॉलर गोधडीत घातलीच नव्हती. गोधडी रात्रीपुरती, पॅड दिवसातून दहा वेळा हातात येतो… तो तिने माझ्या हातात दिला होता. वर्षभर मी त्यालाच विस्तवावर धरत होते आणि मनात तिला शिव्या देत होते.

मला शिवता येत नाही. माझे टाके पाहून फिलू म्हणायची, टीचर, कोंबडी चालून गेली काय? तरी एक लाल तुकडा घेतला, भोकावर ठेवला आणि कडेने आत येत शिवला. दोनदा उसवावा लागला. नीट झालं नाही, पण झाकलं गेलं. मग पॅड ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवला. सकाळी दूध वर आलं तेव्हा हात त्याच्याकडे गेला, पण खिळ्यावरून तो काढता येईना, तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं. गॅस विझला, ओट्यावरून ओघळ खाली फरशीवर आला. तो मी दुपारपर्यंत पुसला नाही.