फळ्यावरचे नाव

ओल्या खडूचा वास आला की मला रोह्यातील मुलींचे वसतिगृह आठवते. कोकण रेल्वे नुकतीच धावू लागली होती, आणि मी महाविद्यालयात नवखा लिपिक होतो. दिवाळीच्या सुट्टीत निडीकडची एक विवाहित विद्यार्थिनी नवऱ्याचा मार चुकवून, सुजलेल्या मनगटाने पुस्तकांची पिशवी सावरत आली, तेव्हा प्राचार्यांनी तिला तत्काळ वसतिगृहातील एक रिकामी खोली उघडून दिली. सुट्टीत कोण राहते, ते फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिण्याची पद्धत होती. मी तिचे नाव वळणदार अक्षरांत, सासरच्या आडनावासह लिहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून तिला नवरा येताना दिसला आणि ती दाराआड सरकली. "तू आत बस गो," म्हणत वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी पदर पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि धावत जाऊन फळा पुसला. "माझी बायको हाय काय इथं?" त्याने विचारले. "सुट्टी हाय, बाबा. फळ्यावर नाव दिसतंय काय कुणाचं?" तो माझ्याकडे वळला. "कुणीही नाही," मी कसेबसे म्हणालो. तो गेल्यावर बाई पदर पिळत म्हणाल्या, "भाऊसाहेब, अक्षर लय देखणं तुमचं, पण लांबून वाचता येतं." संध्याकाळी मी त्या विद्यार्थिनीची क्षमा मागायला गेलो, तर तीच हळू आवाजात म्हणाली, "फळ्यावर नको, सर, पण हजेरीपटात असू द्या हं माझं नाव." आजही कुणी माझ्या अक्षराची स्तुती केली की मला तो ओला पदर दिसतो, आणि लिहिलेले कोण कोण वाचील, याचा मी पुन्हा एकदा विचार करतो.