मेढ्याचं कोर्ट मी उघडलं नव्हतं

आधी सुलभाताईंचं नाव घेते. पुढचं सांगून झाल्यावर ते घ्यायला तोंड उरणार नाही. हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही — ना घरी, ना ऑफिसात, ना देवापुढं.

मी म्हसवडच्या पलीकडची. आमच्या घरात मेंढरं. आठवीत शाळा सुटली आणि मामीच्या ओळखीनं कुपवाडला आले, एका कारखान्यात नटबोल्ट पिशव्यांत भरायला. शेजारच्या खोलीत सुलभाताई राहायच्या, त्या आणि त्यांची मुलगी रेश्मा. ताई सांगलीत एका वकिलांकडं कारकून होत्या. त्यांनीच मला तिथं नेलं. वकीलसाहेबांनी शिक्षण विचारलं, तर माझ्या आधी ताईच म्हणाल्या, "शिक्षण कमी हाय साहेब, पण पोरगी चुकत न्हाई."

आमचं काम असं की रोज सकाळी कोर्टाची साईट आणि साहेबांनी वर्गणी भरलेली कायद्याची साईट उघडायची, आपल्या प्रत्येक केसची पुढची तारीख बघायची, वहीत लिहायची, पक्षकाराला फोन करायचा. मला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द नाहीत. ताईंनी पुठ्ठ्यावर एकेक शब्द लिहून त्याच्यापुढं मराठी लिहून दिलं. वर्षभरात त्या पुठ्ठ्याची गरज राहिली नाही. नाव टाकून केस शोधण्यात तर माझा हात इतका बसला की ओळखीची माणसं खास त्यासाठी येऊ लागली. जमीन घ्यायची असली की यायची, सोयरीक जुळवायची असली की यायची. पत्रिका नंतर, आधी "जरा नाव टाकून बघा की".

मग रेश्माला स्थळ आलं. मुलगा कुपवाडचा, स्वतःचं छोटं वर्कशॉप, घराणं मूळचं साताऱ्यातल्या मेढ्याकडचं. सोमवारी ताईंनी मुलाचं पूर्ण नाव लिहिलेला कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "सांगली बघ, सातारा बघ. एकच लेकरू हाय गं माझं."

मी सांगली बघितली. काही नव्हतं. सातारा — सातारा बघायचा म्हणजे एकेका तालुक्याचं कोर्ट वेगळं उघडायचं, एकेक साल वेगळं टाकायचं, आणि दर वेळी साईट दाखवते ती वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची. पोटगीचा अर्ज बाई जिथं राहते तिथंही पडतो, नवरा राहतो तिथंच बघून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. ताईंनीच शिकवलं होतं. आणि तरी मी सांगितलं — दोन्ही जिल्हे बघितले ताई, काय न्हाई.

का सांगितलं? कंटाळा होता? बस चुकेल असं वाटलं? खरं सांगायचं तर नीट आठवत नाही. आठवलं असतं तरी लिहिलं नसतं, ते कारण दिल्यासारखं झालं असतं.

गुरुवारी सुपारी फुटली. शुक्रवारी एका पक्षकाराच्या जमिनीच्या दाव्यासाठी मी मेढ्याचं कोर्ट उघडलं. दाव्याची तारीख वहीत लिहिली, आणि मग ते नाव टाकलं. एकच केस आली. पोटगीची. अर्जदार एक बाई आणि तिची लहान मुलगी. सामनेवाला तोच — बापाच्या नावासकट, आडनावासकट. नोंदणी दोन वर्षांपूर्वीची. केस चालू.

ताई माझ्यापासून चार हातांवर बसल्या होत्या. फोनवर बहिणीला लग्नाच्या हॉलबद्दल सांगत होत्या. मी पान बंद केलं.

मला अजून एक आशा होती, की फारकत झाली असेल. तेही नाव टाकून कळण्यासारखं होतं. शनिवारी मी सातारा जिल्ह्यातलं एकेक कोर्ट उघडलं, सांगलीही पुन्हा बघितली. दीड तास लागला. फारकतीचा अर्ज कुठंच नव्हता. फारकत झाल्याशिवाय केलेलं दुसरं लग्न कायद्यात लग्नच नसतं. हेही मला ठाऊक होतं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? सोयरीक मोडली असती. लोक चार दिवस बोलले असते. आणि ताईंनी मला विचारलं असतं — मग सोमवारी काय बघितलंस? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. लग्नाला सहा आठवडे होते. सहा आठवडे मी रोज त्यांच्या शेजारी बसले, त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली.

लग्नात ताईंनी माझा हात धरून मला व्याह्यांपुढं नेलं. "ही आमची पोरगी. हिनं बघून व्हय म्हटलं, मग आमी पाऊल टाकलं."

"म्हंजे आमची झडती झाली म्हणा की," व्याही म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. व्याही माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. त्यांना काय वाटलं असेल? हिला सापडलंच नाही, की हिनं दाबलं?

ती मेढ्याची केस मी माझ्या यादीत ठेवली होती. तारीख बदलली की मोबाईलवर कळायचं. रेश्मा फोन करायची, सांगायची की आज हे शेताच्या कामाला गावी गेलेत. मला ठाऊक असायचं कुठं गेलेत ते, कितव्या नंबरला पुकारा होणार तेही. मी म्हणायचे, बरं.

दिवाळीनंतर पोटगी थकली म्हणून मेढ्याच्या कोर्टानं काढलेलं वॉरंट घेऊन पोलीस कुपवाडच्या घरी आला. दार रेश्मानं उघडलं. त्याच दिवशी ती आईकडं परत आली.

दोन दिवसांनी ताई ऑफिसात आल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्या म्हणाल्या, "साईटवर तवा चढवलंच नसंल गं. तुझा काय दोष त्यात."

मी म्हटलं, "व्हय ताई. उशिरा चढवत्यात कवा कवा."

सोमवारचं खोटं आळसाचं असेल, शुक्रवारचं गप्प बसणं भीतीचं असेल. पण हे? हे मी शांतपणे बोलले, त्यांच्या डोळ्यांत बघून. नोंदणीची तारीख त्या पानावर पहिल्याच ओळींत आहे. ताईंनी ते पान स्वतः कधी उघडलं नाही. मी बघितलंय म्हटल्यावर त्या कशाला उघडतील?

रेश्माची केस आता सांगलीत चालू आहे. तिच्या तारखा मीच बघते, मीच तिला फोन करते. ती म्हणते, तू हायस म्हणून बरं.

सुलभाताईंनी माझ्यासाठी जे केलं त्याची फेड माझ्याकडून राहिलेली आहे, आणि ती मी एक दिवस करणार आहे. मेढ्याच्या केसचं ते पान छापून त्यांच्या हातात देईन, आणि मला ते कोणत्या शुक्रवारी दिसलं होतं ते माझ्या तोंडानं सांगेन. त्यांच्या घरी जाऊन. रेश्मा समोर असताना.