कौतुक सोडून बाकी सगळं

केंद्रात तिला सगळे रेडिओताई म्हणत. तिला ते आवडत नसे, पण नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी पुन्हा लावेपर्यंत तिचं तोंड चालूच असायचं. कानाने परदेशी पोरांची भाषा ऐकायची, तोंडाने आपली बोलायची, आणि लगेच उलटं. तरुणपणी शहरातल्या एका हॉटेलच्या काउंटरवर पाहुण्यांच्या तक्रारी ऐकता ऐकता ती भाषा तिच्या अंगवळणी पडली होती. पुढे आईची साखर वाढली, पायाची जखम भरेना, म्हणून नोकरी सोडून ती घरी आली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ह्या दोन खोल्यांच्या आरोग्य केंद्रात दुभाषी झाली.

परदेशातली कॉलेजची पोरं केंद्रात सेवा करायला यायची. सकाळी पुढच्या खोलीत वजन, रक्तदाब, मलमपट्टी. संध्याकाळी मागच्या खोलीत बायकांचा इंग्रजी अक्षरओळखीचा वर्ग. पोरं यायची, फोटो काढायची, पोट बिघडवून घ्यायची आणि परत जायची. बायका त्यांची तोंडं विसरून जात. विसरत नसत ती ताईला. "ताई, ही गोळी जेवणाआधी का नंतर?" "ताई, तूच बघ गं, तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?" ह्या एका वाक्यावर ती दिवस दिवस खूश असायची. घरी तिला असं कोण म्हणणार होतं? घरी आई तिला हाकसुद्धा मारत नसे, नुसती काठी आपटायची.

कामाचा तिचा एक नियम होता आणि त्याचा तिला भारी तोरा होता. समोरचं माणूस बोलेल ते तसंच्या तसं सांगायचं, अगदी 'मी'सकट. बाई म्हणाली, 'माझी कंबर गेली कामातून', तर ताईही त्या भाषेत 'माझी कंबर गेली कामातून' म्हणणार. पदरचं काही घालायचं नाही, फिरवून सांगायचं नाही.

मग ही मुलगी आली.

उंच, काटकुळी, स्वतःच्याच चुकांना खदाखदा हसणारी. दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची बाजूला सारली आणि फतकल मारून जमिनीवर बसली. कुणाचीही जखम असो, नाक मुरडणं नाही. बायकांनी तिचं नाव पाहुणी ठेवलं, आणि बघता बघता दारातून आत पाय टाकला की पहिला प्रश्न, "पाहुणी आलीय का?" ताई समोर उभी असायची. तिला ओलांडून नजर आत जायची. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण बोलायचं कुणाला?

आईची मलमपट्टीही पाहुणीच करू लागली. ही म्हातारी आपली आई, हे ताईने तिला सांगितलं नव्हतं. कामाच्या जागी नाती कशाला, असं ती मनाशी म्हणायची. एकदा पाहुणीने म्हातारीचा पाय उचलून चक्क स्वतःच्या मांडीवर घेतला आणि फुंकर घालत घालत जुनी पट्टी सोडवली. घरी लेकीने पायाला हात लावला की 'हळू गं म्हशी!' म्हणून ओरडणारी आई, तिने त्या पोरीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "आता नाही गं दुखत. लेक असावी तर अशी!"

"काय म्हणाल्या आजी?" पाहुणीने विचारलं.

ताईने सांगितलं, "आता दुखत नाही."

खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त पुढचं वाक्य तिने गिळलं. रात्री जेवताना ते घशात आल्यासारखं झालं खरं, पण सकाळपर्यंत गेलं.

मग ती सवयच लागली. बायका कौतुकाचे पूल बांधायच्या. दुखणं, खुपणं, तक्रार, पथ्य एवढं सगळं पलीकडे जायचं आणि कौतुक ताईपाशी अडकायचं. "हिचा हात लागला की अर्धा ताप उतरतो." गिळलं. "माझ्या सुनेपेक्षा हीच बरी." तेही गिळलं. शिवणकाम करणारी एक बाई वर्गात पहिल्यांदा स्वतःच्या दुकानाची वहीत उतरवून आणलेली इंग्रजी पाटी वाचून दाखवताना रडली आणि बरंच काही बोलली. ताईने सांगितलं, "पाटी वाचता आली म्हणते."

पाहुणी सुकत चालली. एका दुपारी कापसाचे बोळे करता करता तिने विचारलं, "ताई, माझं काही चुकतंय का? ह्या दुखणं सांगतात, तक्रार सांगतात. बाकी माझ्यासाठी एक शब्द नाही. आणि हसतात ते का?"

"सवय आहे त्यांची," ताई म्हणाली. आतून तिला कसं गार गार वाटलं.

आठवडाभराने पाहुणीने केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं की ती वर्षभर थांबणार होती, पण आता महिनाअखेरीस परत जाईल. तिच्या जागी दुसरं कुणी येणार नव्हतं. मागच्या खोलीतला वर्ग बंद होणार, हे उघडच होतं. होईना का, ताई म्हणाली मनात. त्या दिवशी ती गुणगुणतच घरी गेली. "काय गं, लॉटरी लागली का?" आईने विचारलं.

जाण्याआधी पाहुणीने सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या, म्हातारी पुढच्या बाकावर, काठी गुडघ्यांत धरून. पाहुणी उभी राहिली आणि ताईने तिचं बोलणं नियमाप्रमाणे तसंच्या तसं सांगितलं, "मी परत चालले आहे. मी पुष्कळ प्रयत्न केला, पण मी तुम्हाला आवडले नाही. माझं काही चुकलं असेल तर मला माफ करा."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग म्हातारीची काठी फरशीवर आपटली.

"आवडली नाही? मग मी रोज काय भिंतीशी बोलत होते?" ती ताईकडे वळली. "काय गं ए, तू हिला सांगत काय होतीस?"

ताईने खाली मान घातली. सगळ्या बायकांना एका क्षणात कळलं. कळलं नाही ते फक्त पाहुणीला.

"सांग आता सगळं," आई म्हणाली. "काही गाळलंस तर माझ्याशी गाठ आहे."

एकेक बाई उठली. ताप उतरल्याचं म्हणाली, सुनेचं म्हणाली, पाटीचं म्हणाली, आणि बोलून झालं की ताईच्या तोंडाकडे टक लावून उभी राहिली. ताईने सगळं सांगितलं. 'मला तू हवी आहेस, मला तू हवी आहेस' असं त्या परक्या भाषेत पुन्हा पुन्हा म्हणताना तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. ह्यातलं एक वाक्य, फक्त एक, आपल्या वाट्याला आलं असतं तर आपण हे गिळलं नसतं, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले. पाहुणी तर ढसाढसा रडत होती. "मी जात नाही," ती म्हणाली. बायकांनी एकच कालवा केला.

शेवटी म्हातारी. "लेक असावी तर अशी," ती पुन्हा म्हणाली. ताईने तेही सांगितलं.

पाहुणीने नाक पुसलं, म्हातारीचा हात धरला. "आजींना मुलगी नाही का?"

ह्याचं उत्तर ताईला स्वतःच देता आलं असतं. पण नियम तो नियम. ती आईकडे वळली. "आजी, तुम्हाला मुलगी नाही का?"

जन्मात पहिल्यांदा तिने आईला 'तुम्ही' म्हटलं. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"आहे की," ती म्हणाली. "माझं खाणंपिणं, औषधपाणी, सगळं तीच बघते. तिच्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. पण ती घरची. घरच्या माणसाला असं तोंडावर कुणी सांगतं का?"

ताईने शब्द न् शब्द सांगितला.

"मग तिला कळणार कसं?" पाहुणीने विचारलं.

ताईने तेही विचारलं. आईने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने लेकीचा खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला. "कळलं असेल आता," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?" पाहुणीने विचारलं.

"ती मुलगी मीच," ताई म्हणाली.